टेबलची व्याख्या नेमकी कुठे राहते? एसक्यूएलअल्केमीमधील मेटाडेटाची चिकित्सा

विषय : डेटाबेस व्यवस्थापन प्रणाली, पदवी स्तर
पूर्वतयारी : एसक्यूएलमधील टेबल, प्रायमरी की व फॉरेन की यांची ओळख, पायथनची प्राथमिक माहिती

१. या टिपणाचा हेतू

विद्यार्थी मित्रांनो, ओआरएम लायब्ररी कशी वापरायची हे सांगणारी टिपणे तुम्हाला भरपूर मिळतील. हे टिपण वेगळ्या कामासाठी लिहिले आहे. पायथनमधील एसक्यूएलअल्केमी ही लायब्ररी टेबलची व्याख्या, म्हणजेच टेबलचा मेटाडेटा, कशी लिहायला लावते, त्यातले चांगले काय आणि कच्चे काय, हे आपण तपासणार आहोत. लायब्ररीतील नावे इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. प्रयोगशाळेत ती रोमन लिपीत टाइप करावीत.

माझे म्हणणे आधीच सांगतो. एसक्यूएलअल्केमीचा मेटाडेटा हा या लायब्ररीतला सर्वात विचारपूर्वक घडवलेला भाग आहे. मात्र ज्या सोप्या पद्धतीने तो आज शिकवला जातो, तिच्यामुळे विद्यार्थी क्लास लिहितो आणि टेबल विसरतो. टेबल विसरले की काय बिघडते, हे दाखवण्यासाठी जमिनीच्या नोंदींचे उदाहरण घेतो. मी बराकपूरला शिकवतो, म्हणून एक पाय बंगालच्या दाग-खतियानात आणि दुसरा आपल्या सातबाऱ्यात ठेवणार आहे. खाली येणारी रचना कोणत्याही सरकारी प्रणालीचे वर्णन नाही. अभ्यासासाठी केलेला तो एक नमुना आहे.

२. मेटाडेटा म्हणजे काय?

टेबलमध्ये असतो तो डेटा. टेबलचे नाव, कॉलमची नावे, प्रत्येक कॉलमचा प्रकार, कोणता कॉलम रिकामा चालतो, ओळ कशाने ओळखायची, कोणता कॉलम दुसऱ्या टेबलकडे बोट दाखवतो, ही सगळी माहिती म्हणजे मेटाडेटा. गाव नमुना सातचा कोरा छापील कागद डोळ्यांसमोर आणा. त्यावर अजून एकही नाव लिहिलेले नाही, तरी कुठे काय लिहायचे हे ठरलेले आहे. तो कोरा नमुना म्हणजे मेटाडेटा.

एडगर कॉड यांनी 1970 मध्ये रिलेशनल मॉडेल मांडले. पुढे 1985 मध्ये त्यांनी रिलेशनल म्हणवणाऱ्या प्रणालींसाठी नियम सांगितले. त्यातला चौथा नियम आपल्या कामाचा आहे : डेटाबेसचे वर्णन हेही डेटासारखेच टेबलांत ठेवलेले असावे आणि त्याच भाषेत विचारता यावे. आज पोस्टग्रेएसक्यूएल किंवा मायएसक्यूएलमध्ये ‘इन्फर्मेशन स्कीमा’ नावाच्या विभागाला तुम्ही साधी सिलेक्ट क्वेरी विचारू शकता, तो याच विचाराचा भाग आहे. म्हणजे कॉड यांच्या दृष्टीने टेबलची व्याख्या डेटाबेसच्या पोटातच राहते.

ओआरएम आल्यावर त्या व्याख्येची दुसरी प्रत प्रोग्रॅममध्ये तयार झाली. मार्टिन फाउलर यांनी 2002 च्या आपल्या पुस्तकात या रचनेला ‘मेटाडेटा मॅपिंग’ असे नाव दिले आहे. दोन प्रती झाल्या की खरी कोणती, हा प्रश्न येतोच. पुढची सगळी चर्चा या एका प्रश्नाभोवती फिरते.

३. एसक्यूएलअल्केमी काय देते?

माइक बायर यांनी ही लायब्ररी 2006 मध्ये प्रसिद्ध केली. तिचे दोन थर आहेत. खालचा थर ‘कोअर’, वरचा ‘ओआरएम’. कोअरमध्ये ‘मेटाडेटा’ नावाची एक वस्तू असते. तिला टेबलांची नोंदवही समजा. ‘टेबल’ तयार करताना तुम्ही त्याचे नाव, ही नोंदवही आणि ‘कॉलम’ची यादी देता. एकाच नोंदवहीत एकाच नावाचे टेबल दुसऱ्यांदा लिहायला गेलात, तर लायब्ररी चूक दाखवते. फॉरेन की लिहिताना दुसऱ्या टेबलचे व कॉलमचे नाव मजकूर म्हणून दिले तरी चालते. ते टेबल अजून लिहिलेले नसले तरी हरकत नसते, कारण नोंदवही नंतर ते शोधून जोडते. कोणते टेबल आधी तयार करायचे याचा क्रमही ती फॉरेन की पाहून लावते.

वरच्या थरात ‘डिक्लरेटिव्ह’ पद्धत आहे. तुम्ही पायथनचा क्लास लिहिता आणि लायब्ररी त्यातून ‘टेबल’ बनवून त्याच नोंदवहीत ठेवते. 2023 च्या 2.0 आवृत्तीपासून कॉलमचा प्रकार पायथनच्या टाइप हिंटवरूनही ओळखला जातो.

इथे पहिली शाबासकी द्यायला हवी. वरचा क्लास कितीही देखणा असला, तरी त्याच्या आत खालच्या थराचेच साधे ‘टेबल’ असते आणि ते केव्हाही बाहेर काढून पाहता येते. पण ‘पाहता येते’ आणि ‘पाहिले जाते’ यांत अंतर आहे.

४. दाग, खतियान आणि ओळख

बंगालमध्ये जमिनीच्या तुकड्याच्या क्रमांकाला ‘दाग’ म्हणतात आणि धारकाच्या खात्याला ‘खतियान’. आपल्याकडे याच जोडीला गट किंवा सर्व्हे नंबर आणि खाते म्हणतात. गाव नमुना सात जमिनीच्या तुकड्याकडून पाहतो, तर आठ-अ खातेदाराकडून. एका खात्यात अनेक तुकडे असतात आणि एका तुकड्यात अनेक खात्यांचा वाटा असू शकतो. तेव्हा टेबले तीन हवीत : दाग, खतियान आणि दोघांना जोडणारे ‘वाटा’.

आता दागाची ओळख कशी ठरवाल? वर्गात बहुतेक जण ‘दाग_क्रमांक’ पूर्णांक म्हणून लिहितात आणि त्यालाच प्रायमरी की करतात. यात दोन चुका आहेत.

पहिली, दाग क्रमांक फक्त आपल्या मौजापुरता एकमेव असतो. मौजाला जे.एल. क्रमांक असतो आणि तोही पोलीस ठाण्याच्या हद्दीपुरताच. म्हणून जिल्हा, ठाणे, जे.एल. क्रमांक आणि दाग हे चारही मिळूनच एक जागा ठरते. आपल्याकडेही गट नंबर गावाच्या नावाशिवाय निरर्थक असतो.

दुसरी, हा ‘क्रमांक’ पूर्णांक नाहीच. बंगालमध्ये दागाची फोड झाली की तिरकी रेघ देऊन पुढे दुसरा आकडा येतो. महाराष्ट्रात ‘45/2/अ’ असा हिस्सा लिहिला जातो. ज्यावर बेरीज-वजाबाकी करायची नाही तो कॉलम मजकूर असावा, हा नियम पाठ करा. त्याची किंमत अशी की मजकूर लावताना ‘10’ हा ‘2’ च्या आधी येतो. छपाईच्या क्रमासाठी वेगळा कॉलम ठेवावा लागेल.

शिवाय क्रमांक काळाप्रमाणे बदलतात. बंगालमध्ये आर.एस. आणि एल.आर. या दोन मोजण्यांतले दाग क्रमांक वेगळे असू शकतात. महाराष्ट्रात 1947 च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्याखाली योजना झालेल्या गावांत सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. म्हणून आतली ओळख एक साधा चालू क्रमांक असावी आणि बाहेरच्या चार कॉलमांवर मिळून ‘युनिक’ बंधन असावे.

बराकपुरात आणखी एक पदर आहे. छावणीतल्या जमिनींची नोंद सर्वसाधारण जमीन नोंदवहीत होते आणि तिथे सर्व्हे नंबर चालतो. म्हणजे एकाच शहरात दोन नोंदवह्या आणि दोन प्रकारच्या ओळखी. एसक्यूएलअल्केमीत टेबलला ‘स्कीमा’ देऊन अशा दोन नोंदवह्या एकाच मेटाडेटात शेजारी ठेवता येतात. ही सोय खरोखर उपयोगी आहे.

आता टीका. डिक्लरेटिव्ह क्लासमध्ये प्रायमरी की एका कॉलमच्या ओळीत लिहिता येते, पण चार कॉलमांवरचे युनिक बंधन ‘टेबल_आर्ग्ज’ नावाच्या एका वेगळ्या कोपऱ्यात लिहावे लागते. जे एका कॉलमचे आहे ते डोळ्यांसमोर, जे पूर्ण टेबलचे आहे ते अडगळीत. परिणामी चालू क्रमांक सगळे लिहितात, युनिक बंधन थोडेच लिहितात. मग एकच दाग दोनदा नोंदला जातो आणि दोन्ही नोंदी वेगवेगळ्या धारकांना दिसतात. हा नुसता प्रोग्रॅममधला दोष राहत नाही. दोन कुटुंबांच्या हातात एकाच जमिनीचे दोन कागद येतात.

५. प्रकार सांगितला म्हणजे अर्थ सांगितला का?

‘क्षेत्र’ या कॉलममध्ये 2.50 लिहिले आहे. किती जमीन? बंगालच्या नोंदीत ते एकरही असेल, शतकही असेल. 1 एकर म्हणजे 100 शतक, म्हणजे फरक शंभर पटीचा. बोलताना इथले लोक कठ्ठा आणि बिघा म्हणतात : 1 कठ्ठा 720 चौरस फूट, 20 कठ्ठ्यांचा 1 बिघा. आपला गुंठा 1,089 चौरस फुटांचा आणि सातबाऱ्यावर हेक्टर-आर. या सगळ्यांसाठी मेटाडेटा एकच शब्द सांगतो : न्यूमेरिक. एकक सांगत नाही. एसक्यूएलअल्केमीत कॉलमला ‘कॉमेंट’ जोडता येते आणि पोस्टग्रेएसक्यूएल वा मायएसक्यूएलमध्ये ती डेटाबेसमध्येही साठते. ‘इन्फो’ नावाची एक डिक्शनरीही मिळते, पण ती फक्त पायथनच्या बाजूला राहते. एकक कॉलमच्या नावातच लिहावे, ‘क्षेत्र_चौमी’ असे, आणि कॉमेंटमध्येही द्यावे. नाव कोणी टाळू शकत नाही.

आता वाटा. दहा वारसांना प्रत्येकी 0.1 दिले आणि कॉलमचा प्रकार फ्लोट ठेवला, तर पायथनमध्ये दहा वेळा 0.1 मिळवून 1 येत नाही, 0.9999999999999999 येते. न्यूमेरिक घेतले आणि चार दशांश ठेवले, तर दहा वारसांचे जमते, पण तीन वारसांचे अडते : 0.3333 तीनदा म्हणजे 0.9999. बेरीज 1 झालीच पाहिजे असा नियम असेल, तर कोणाला तरी 0.3334 द्यावे लागते. तिन्ही भावंडे समान, असे वारसनोंद सांगते आणि टेबल मात्र एकाला किंचित जास्त देते. वाट्यासाठी अंश आणि छेद असे दोन पूर्णांक कॉलम ठेवा आणि ‘चेक’ बंधन लिहा : छेद शून्यापेक्षा मोठा, अंश शून्यापेक्षा मोठा व छेदाहून जास्त नाही.

सगळ्या वाट्यांची बेरीज 1 असावी हा नियम मात्र चेक बंधनात मावत नाही. प्रचलित डेटाबेसमध्ये चेक एकाच ओळीकडे पाहते, शेजारच्या ओळींकडे नाही. तिथे ट्रिगर किंवा व्यवहाराच्या शेवटी केलेली तपासणी लागते. मेटाडेटाची हद्द कुठे संपते हे माहीत असणे हाही अभ्यासाचाच भाग आहे.

नावाच्या कॉलमचेही असेच. ‘बराकपूर’ या शब्दात डोळ्यांना पाच अक्षरे दिसतात, युनिकोडमध्ये सात चिन्हे आहेत आणि यूटीएफ-8 मध्ये 21 बाइट. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये लांबी 10 दिली तर शब्द मावतो. जिथे लांबी बाइटमध्ये मोजली जाते तिथे मावत नाही. लांबी न देता ‘स्ट्रिंग’ लिहिले, तर पोस्टग्रेएसक्यूएल व एसक्यूएलाइट चालवून घेतात, पण मायएसक्यूएलवर टेबल तयार करताना एसक्यूएलअल्केमी चूक दाखवते. म्हणजे ‘कोणताही डेटाबेस चालेल’ हे ओआरएमचे आश्वासन आपल्या लिपीच्या पहिल्याच शब्दापाशी तपासून घ्यावे लागते.

६. तीन ठोस आक्षेप

पहिला आक्षेप रिकाम्या जागेचा. कोअरच्या ‘कॉलम’ला काही सांगितले नाही, तर तो रिकामा चालतो. 2.0 च्या टाइप हिंट पद्धतीत मात्र नुसते ‘एसटीआर’ लिहिले की तो कॉलम रिकामा चालत नाही. चालवायचा असेल तर ‘ऑप्शनल’ लिहावे लागते. एकाच लायब्ररीत, एकाच नोंदवहीत, दोन उलट गृहीतके आहेत. नवे गृहीतक अधिक चांगले आहे हे मान्य. पण जुन्या टिपणातून अर्धा क्लास आणि नव्या टिपणातून अर्धा क्लास उचलणाऱ्या विद्यार्थ्याला हा फरक कुठेच दिसत नाही. उपाय साधा आहे : ‘नलेबल’ नेहमी स्वतः लिहा, लायब्ररीवर सोडू नका.

दुसरा आक्षेप आपोआप भरणाऱ्या किमतीचा. ‘डिफॉल्ट’ लिहिले तर ती किंमत पायथन भरतो. डेटाबेसला तिचा पत्ताही नसतो. ‘सर्व्हर_डिफॉल्ट’ लिहिले तर ती टेबलच्या व्याख्येत जाते. नोंदीची तारीख ‘डिफॉल्ट’ने भरली आणि उद्या कोणी थेट एसक्यूएलने ओळ घातली, तर तारीख रिकामी राहील किंवा ओळ नाकारली जाईल. दोन नावांत एका शब्दाचा फरक आहे, पण व्याख्या कोणाच्या घरात राहते हा फरक त्याहून फार मोठा आहे.

तिसरा आक्षेप खरे तर आपल्या प्रयोगशाळांवर आहे. आपण सोयीसाठी एसक्यूएलाइट वापरतो. एसक्यूएलाइटमध्ये फॉरेन कीची तपासणी आपण जोडणीगणिक मुद्दाम चालू करेपर्यंत सहसा बंदच असते आणि मजकुराची लिहिलेली लांबी ते पाळत नाही. मायएसक्यूएलने तर 8.0.16 आवृत्तीपर्यंत चेक बंधन वाचून सोडून दिले. विद्यार्थी मेटाडेटात बंधन लिहितो, प्रोग्रॅम चालतो, गुण मिळतात. बंधन पाळले जाते का हे कोणी पाहत नाही. तुम्ही पाहा : प्रत्येक बंधनासाठी एक मुद्दाम चुकीची ओळ घाला आणि ती नाकारली जाते याची खात्री करा.

७. ‘क्रिएट_ऑल’ आणि फेरफार

नोंदवहीवर ‘क्रिएट_ऑल’ चालवले की जी टेबले डेटाबेसमध्ये नाहीत ती तयार होतात. जी आहेत त्यांना ते हात लावत नाही. तुम्ही क्लासमध्ये नवा कॉलम घातला आणि पुन्हा ‘क्रिएट_ऑल’ चालवले, तर ना चूक येते ना कॉलम. दोन प्रती गुपचूप वेगळ्या होतात. चूक न दाखवणे हीच इथली चूक आहे, असे माझे मत आहे.

आपल्या महसुली व्यवहारात याचे जुने उत्तर आहे. सातबाऱ्यावर थेट खाडाखोड करत नाहीत. आधी गाव नमुना सहामध्ये फेरफार क्रमांकासह नोंद होते, ती प्रमाणित होते आणि मगच सातबाऱ्यावर उतरते. क्रमांक तिथेही राहतो. फेरफार हा नोंदीतला बदल आहे आणि आपण बोलतो आहोत नमुन्यातल्या बदलाबद्दल, हा फरक विसरू नका. पण शिस्त तीच : बदल क्रमाने, कारणासह, मागचा धागा धरून.

ही शिस्त देणारे अलेम्बिक हे साधनही बायर यांचेच. प्रत्येक बदलाची एक फाइल होते आणि ती आधीच्या बदलाचा क्रमांक धरून ठेवते. क्लास आणि डेटाबेस यांची तुलना करून ते बदलाचा मसुदा स्वतः लिहिते. तो मसुदाच आहे, आदेश नाही. कॉलमचे नाव बदलले तर त्याला ते कळत नाही. जुना कॉलम काढा आणि नवा घाला असे ते लिहिते. न वाचता चालवलेत तर त्या कॉलममधली सगळी माहिती जाईल. चेक बंधनांतले बदलही आपोआप सापडतील असे धरून चालू नका.

बंधनाला नाव दिले नसेल तर ते नंतर काढणे कठीण जाते, कारण काढायला नाव लागते. एसक्यूएलअल्केमी नोंदवहीला ‘नेमिंग_कन्व्हेन्शन’ देण्याची सोय करते, पण ती न दिल्यास बहुतेक बंधने बिननावाचीच डेटाबेसकडे जातात. पहिल्या दिवशी चार ओळी लिहा.

८. दुसरी बाजू

कोणी म्हणेल, हे सगळे टाळायला डेटाबेसमधूनच व्याख्या वाचून घ्या. लायब्ररीत तशी सोय आहे, तिला रिफ्लेक्शन म्हणतात. तयार, जुन्या डेटाबेसवर काम करताना ती उत्तम आहे आणि कॉड यांच्या विचाराशी सुसंगतही. पण पायथनच्या बाजूची ‘डिफॉल्ट’ आणि ‘इन्फो’ तिच्यातून परत येत नाहीत आणि कोड वाचणाऱ्याला टेबलचे रूप पानावर दिसत नाही. नव्या प्रकल्पात व्याख्या कोडमध्ये लिहिणे आणि बदल अलेम्बिकमधून नेणे अधिक बरे.

डिक्लरेटिव्ह पद्धतीच्या बाजूनेही एक गोष्ट प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. क्लास आणि टेबल एका जागी वाचता येतात, संपादक चुका आधीच दाखवतो, मोठ्या गटाला एकत्र काम करणे सोपे जाते. मी तिच्या विरोधात नाही. माझा विरोध ती पहिल्या दिवशी शिकवण्याला आहे. आधी कोअरचे ‘टेबल’ हाताने लिहावे, त्यातून निघालेले ‘क्रिएट टेबल’ विधान छापून वाचावे आणि मग क्लासकडे वळावे.

९. निष्कर्ष

एसक्यूएलअल्केमीचा मेटाडेटा टेबलचे जवळजवळ सगळे सत्य सांगू शकतो. तो सांगायला भाग मात्र पाडत नाही. खरी प्रत कोणती, याचे माझे उत्तर असे : ओळ स्वीकारायची की नाकारायची हे ज्याच्या हातात आहे तो डेटाबेस. क्लास ही त्याची वाचायला सोपी प्रत आहे आणि ती जुळती ठेवणे हे तुमचे काम आहे. नोंदवही कोणाची जमीन कोणाची हे सांगत असेल, तेव्हा हे काम लायब्ररीवर सोडून चालत नाही.

स्वाध्याय

1. दाग, खतियान आणि वाटा ही तीन टेबले आधी कोअर पद्धतीने, मग डिक्लरेटिव्ह पद्धतीने लिहा. दोन्हींतून निघणारी ‘क्रिएट टेबल’ विधाने शेजारी ठेवून फरक शोधा.

2. तुमच्या जिल्ह्यातील जमीन नोंदीचा नमुना मिळवा. त्यात जागा ओळखायला किमान किती कॉलम लागतात ते ठरवा.

3. वाटा टेबलमध्ये पाच चुकीच्या ओळी घाला. एसक्यूएलाइट आणि पोस्टग्रेएसक्यूएल यांपैकी कोण कोणती नाकारतो याचा तक्ता करा.

4. फॉरेन की असलेल्या कॉलमवर पोस्टग्रेएसक्यूएल आपोआप इंडेक्स तयार करत नाही. ‘एका खतियानातील सर्व दाग’ या क्वेरीवर याचा काय परिणाम होईल ते लिहा.

5. वाट्यांची बेरीज 1 असावी हा नियम कुठे ठेवाल : क्लासमध्ये, ट्रिगरमध्ये की दोन्हीकडे? कारणे द्या.